मायचा राहिलेला पेपर

प्रिय माय,

आज सुट्टीला गावी येताना फुलंब्रीच्या स्टँडवर उतरले आणि समोर तूच! मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राच्या भल्यामोठ्या फ्लेक्सवर, अंगणवाडीच्या साडीत, हसतेयस. खाली लिहिलंय, ‘घरबसल्या शिका, गरिबीवर मात करा.’ तुला जाऊन तीन वर्षं झाली, तरी कामाला लावलंच त्यांनी तुला! संताप गिळवेना, म्हणून लिहायला बसले.

तशीच केंद्रात गेले. विचारलं, “माझ्या आईला पदवी मिळालीच नाही, माहीत आहे ना?” तिथला बाबू चहा पीत म्हणाला, “मिळाली म्हणून कुठं लिहिलंय?”

घरबसल्या! तू कधी बसलीस गं घरात? पुस्तकं पोस्टानं यायची, पण त्यातलं समजावून सांगायला कोण होतं? रविवारी पहाटेची एसटी धरून तासाला जायचीस, तर कितीदा सरच यायचे नाहीत.

खोटं कशाला बोलू, शिक्षणानं दिलं आपल्याला. सातवीत सुटलेली शाळा तू बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीपर्यंत नेलीस. अंगणवाडीत मदतनीस होतीस, ती सेविका झालीस. त्या पगारावर बाबांनी दुसऱ्यांची मेंढरं राखायचं सोडलं. महिनोन्‌महिने रानोमाळ हिंडणारा माणूस घरी जेवायला लागला. अंगणवाडीच्या बाकी बाया टोमणे मारायच्या, “आता काय कलेक्टर व्हनार का?” तू म्हणायचीस, “सायबीण व्हईन, अन् तुमचीच तपासणी करीन!” बी.ए. झालं की पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता ना तुला.

मग करोना आला आणि परीक्षा मोबाईलवर आली. घरात मोबाईल एकच, माझ्या बारावीच्या ऑनलाइन तासांसाठी घेतलेला. मधेच रेंज तुटायला नको म्हणून पाच पेपर तू टाकीशेजारच्या टेकाडावर बसून दिलेस. सहाव्या, शेवटच्या पेपरच्या दिवशी दारात उभी राहिलीस.

“पूजे, दे ना गं. तासाभराचं काम हाय.”

“माझा तास चालू आहे,” मी म्हणाले.

माय, तास केव्हाच संपला होता. मी मैत्रिणींशी गप्पा मारत होते.

तू परत एकदा विचारलंस. मग म्हणालीस, “ऱ्हाऊ दे. तुझं बारावीचं वरीस. म्या पुढल्या बारीला देईन.”

एकदा तरी ओरडायचंस! हिसकावून घ्यायचास मोबाईल! अंगणवाडीतल्या पोरांना एका नजरेत गप्प करणारी तू, माझ्यापुढंच एवढी मऊ का झालीस?

पुढली बारी यायच्या आत तापानं आठ दिवसांत नेलं तुला. निकालात त्या विषयापुढं ‘गैरहजर’ छापून आलं.

बाबा पुन्हा मेंढरांमागं गेलेत. मी कारखान्यांजवळ बजाजनगरात खोली करून ठेकेदाराकडं पॅकिंगच्या कामाला आहे. तुझा पेपर का राहिला, हे बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते म्हणतात, “रेंज गेली आसंल.” मी मान डोलावते. लाज वाटते गं!

शेजारच्या खोलीतल्या शोभाताईला दहावी करायचीय. परवा तिनं विचारलं, “काम करता करता व्हतं म्हणं, खरं का?” मी म्हणाले, “होतं. पण घरातल्यांनी होऊ दिलं तर.”

तिचा फॉर्म भरायला मी सोबत जाणार आहे. परीक्षेच्या दिवसांत खाडा करून तिची लेकरं सांभाळीन. आणि या सुट्टीत बाबांना रानात गाठून सगळं खरं सांगीन, शब्द देते. ते काय बोलायचं ते बोलोत. तुझी माफी मात्र मागणार नाही, माय. तू लगेच देऊन टाकली असतीस.

तुझी,
पूजा