खैऱ्याच्या खांद्यावरची जखम

१८ जुलै
आज तीन प्राणीमित्र मारले, एक शेतकरी. रक्त दोन बादल्या. साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको. डायरेक्टर अकोल्याचा, पहिलाच पिक्चर. काहीही दाखवा, "ताई, रक्त कमी वाटून राहिलं." गोष्ट अशी की शहरातले प्राणीमित्र गावातला बैलांच्या शर्यतींचा पट बंद पाडायला येतात, गाववाले त्यांना बैलांच्या कोठ्यात कोंडतात. मग कुऱ्हाडी. अमरावतीत नवऱ्या सजवणारी मी इथे कापलेले गळे सजवतेय. मजा येतेय, खोटं कशाला बोलू.
शूटिंग दादाच्याच गावात, चांदूर बाजारजवळ. त्याचा बैल खैऱ्या मीच मागून घेतला. दादाची तयारी नव्हती, सोयाबीनमध्ये डवरणीचे, बैलांनी तण काढायचे दिवस. शेवटी म्हणाला, "तू हायेस ना तिथं? मंग ने."

२१ जुलै
खैऱ्याच्या खांद्यावर रबराची जखम चिकटवली. गोंद माणसांच्या दाढीमिशांचा. बैल शहाणा, हललाही नाही. पॅकअपला उशीर झाला, अमरावतीची एस.टी. चुकली असती. हा गोंद खोबरेल लावून हळूहळू सोडवायचा असतो, मेकअपच्या क्लासच्या पोरींना शंभरदा बजावते मी. तेल पेटीच्या तळाशी होतं. कोरडाच ओढला. केस निघाले, थोडी साल निघाली. खैऱ्याचं अंग थरथरलं, मान वळवून पाहिलं. वहिनीकडून हळद मागवली असती तर दादाला कळलं असतं. मागवली नाही.
बस मिळाली.

२२ जुलै
शॉट जुळायला हवा म्हणून जखम पुन्हा तिथेच. खाली ओलं होतं. डायरेक्टरला सांगितलं. "दोन दिवसांचा तर प्रश्न हाय ताई, बैलाचं कातडं हाय ते." बैल सेटवरच बांधून ठेवलाय. आता रबर काढायचंच नाही असं ठरलं. म्हणजे मीच ठरवलं.

२३ जुलै
दादा खैऱ्यासाठी सरकीची ढेप घेऊन आला. खांद्याजवळ वाकून पाहिलं. रबराच्या कडेने पिवळं पाणी येत होतं, माश्या बसत होत्या. दादा खूश! "भल्ली हुबेहूब केली वं माय. वास बी आणला." चारचौघांना हात धरून आणून दाखवलं, पाहा, माह्या बहिणीचं काम. जू घासून त्याच्या कोणत्याच बैलाचा खांदा आजवर आला नाही, हे गावभर सांगत फिरणारा माणूस. मी हसले. त्या क्षणी सांगता आलं असतं. उलट वरून आणखी लाल ओतलं.

२५ जुलै
कुणीतरी मोबाइलवर शूटिंग काढून पसरवलं. कॅमेरा दिसत नाही, लाइट दिसत नाही. नुसता रक्ताने माखलेला खैऱ्या आणि कुऱ्हाडी घेतलेले लोक. डायरेक्टर नाचतोय, फुकट जाहिरात.

२६ जुलै
पोलीस आले, सोबत जनावरांच्या संस्थेची गाडी. खरे प्राणीमित्र. आमचे नट अर्धे कापलेले, चहा पीत बसलेले. गाव हसून हसून लोटपोट. दादा तर भारीच, खैऱ्याच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि चाटलं. "गोड हाय साहेब. चाखून पाहा."
संस्थेची डॉक्टर मुलगी हसली नाही. पाण्याने बैल धुतला. लाल सगळं गेलं. मग रबराला हात घातला.
तळहाताएवढं. आत पू.
डॉक्टर म्हणाली, "जुवाची जखम आहे. जखमी बैल कामाला जुंपलाय आणि वर रंग फासून लपवलंय." दादा माझ्याकडे पाहत नव्हता. खांद्याकडे पाहत होता. गाडीत चढवताना खैऱ्या अडला, तेव्हा दादानेच "चाल बाप्पा" म्हणून चढवला.

३ ऑगस्ट
दादासोबत अकोल्याला, संस्थेच्या गोठ्यावर. दादावर केस झालीय, ती संपेपर्यंत बैल तिथेच. जाळीपलीकडून पाहायचं, हात लावायचा नाही. डॉक्टर मुलगी वाईट नाही. स्वतः जखम धुते, खैऱ्यापाशी बसून राहते. म्हणाली, खात नाही फारसा. पिक्चरमध्ये हिच्यासारखीच्या पोटात मी विळा घातला होता. जखम खरी होती, तेवढं हिचंच बरोबर निघालं.
परतीच्या बसमध्ये दादा खिडकीकडे तोंड करून, "माह्याच नजरेतून सुटलं असन. जू घासलं असन. त्यालेच तर बोलता येत नाई."
त्याने स्वतःवर घेतलं. आणि मी चांदूर येईपर्यंत पर्सची चेन उघडझाप करत बसले. मला माझी किळस येते.

११ ऑगस्ट
डवरणी राहिली. एका बैलावर डवरा चालत नाही, उभ्या पिकात ट्रॅक्टर घालता येत नाही. तण कमरेला. गावात लोक दादाला "काहून रे, चाटतं का?" म्हणून चिडवतात. तो जातच नाही आता चौकात.
जबाब लिहिला. दीड पान. जखम माझ्या हातून झाली, भावाला माहीत नव्हतं. ठाण्यात गेले तर साहेब बाहेर. तिथे कुणाकडेही देता आला असता. पर्समध्ये ठेवून परत आणला.

२१ ऑगस्ट
खांदशेकणी, पोळ्याची आदली संध्याकाळ. दादाने जोडीतल्या दुसऱ्या बैलाच्या, पांढऱ्याच्या खांद्याला तूप-हळद चोळली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग दुसरी वाटी घेऊन खैऱ्याच्या खुंट्यापाशी गेला आणि तिथे नुसताच उभा राहिला. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली.
तिथे सांगितलं. सगळं. गोंद, एस.टी., रबर, पिवळं पाणी.
दादा म्हणाला, "मी लोकायले आणून दाखवत होतो, तवा तुले माईत होतं?"
हो म्हटलं.
ओरडला नाही. वाटी माझ्या हातात दिली. "लाव मंग पांढऱ्याले. तू बी घरचीच हायेस." मी हात पुढे केला तर पांढऱ्याने खांदा काढून घेतला. दोनदा. वाटी ओट्यावर ठेवली.

२२ ऑगस्ट
पोळा. सकाळी अकोल्याहून डॉक्टर मुलीचा फोन, खैऱ्या पहाटेपासून उठला नाही, यायचं तर या. दादाने पुरणपोळी फडक्यात बांधली. मीही चप्पल घातली. "तू नोको येऊ," म्हणाला. आवाज साधाच होता.
पर्समधला जबाब त्याच्यापुढे धरला. घेतला नाही. "तो तुह्या तू नेऊन दे. माह्याजवळ काहून देतं?"
दुपारचे तीन. पांढरा पोळ्यात नेला नाही, झूल अंगावर घालून कोठ्यात उभा आहे. दादा फोन उचलत नाही. सणाची सुट्टी असली तरी ठाणं उघडंच असतं. पायी पंधरा मिनिटं. वहिनीने ताट वाढलंय, म्हणते आधी जेवून घ्या.