मंजिरीची तारीख

१२ एप्रिल २०२१, सोमवार

टाक्याच्या दोऱ्याची पाकिटं चार कमी! दोनदा मोजली. मग श्रावणीकडून मोजवून घेतली. चारच कमी. आठवड्यात ही दुसरी वेळ.

ऑपरेशनं किती झाली? सहा. चार सिझेरियन, एक अपेंडिक्स, एक ट्रकखाली आलेला पाय. बाकी सगळं कोरोनामुळे बंद. एक नंबरच्या ओटीचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं, आयसीयू केलं. आमच्या भुलीच्या मशिनी तिकडे पेशंटले श्वास देऊन राहिल्या, भूल देणारे डॉक्टरही तिकडेच. तीन नंबरले कुलूप. चालू ती फक्त दोन नंबरची ओटी. बावीस वर्षं झाली मले इथे, इतकी रिकामी ओटी कधी पाह्यली नाही. आणि रिकाम्या ओटीत दोरे संपतात! खातं कोण?

श्रावणी म्हणते, "दीदी, गिनती में गलती हुई होगी।" नवी नर्स आहे, सोडून दिलं. माझ्या मोजणीत चूक! बावीस वर्षांत कोणाच्या पोटात कापसाचा बोळा राहिला नाही माझ्या हातून.

१३ एप्रिल, मंगळवार

पाडवा. घरी जायची सोय नाही, आम्हा सगळ्या नर्सेसले हॉस्टेलमध्येच ठेवलं आहे. मंजिरीचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, फोन आला. तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी गॅलरीत एवढीशी गुढी उभी केली म्हणे. ऑपरेशनच्या तारखेचं विचारलं तर लगेच ती शिकवते त्या शाळेचं, मोबाइलवरच्या वर्गाचं सांगत बसली.

या पोरीले भीती कशी वाटत नाही? छातीत कॅन्सरची गाठ, सख्खी बहीण त्याच हॉस्पिटलात ओटी इनचार्ज, आणि तारीख दोनदा पुढे गेली! मले लाज वाटते.

१६ एप्रिल, शुक्रवार

आता रोज सकाळी आठला यादीची मिटिंग होते. कोणाचं ऑपरेशन आजच करायचं, कोण महिनाभर थांबू शकतो, कोणाले सरळ घरी पाठवायचं. मग मी फोन करत बसते. अर्धे लोक तर हॉस्पिटलचं नाव ऐकून फोनच ठेवून देतात. त्यांना वाटतं आम्ही गाडी पाठवून उचलून आणू.

मंजिरीच्या नावापुढे लिहिलं आहे — गोळ्यांवर. एक गोळी रोज. गाठ त्यानं वाढत नाही म्हणे, म्हणून थांबता येतं. मी डॉक्टर शिशिरले गाठलं. तेच तिचे सर्जन. मार्चमध्ये स्वतः कोरोनात मरता मरता वाचले, पंधरा दिवसच झाले ड्यूटीवर येऊन. म्हणाले, "सिस्टर, सोनोग्राफी चांगली आहे. सहा मेला करू." खिडकीकडे पाहत म्हणाले. माझ्याकडे नाही.

फाइलही डाव्या हातानं घेतली. पहिले किती अदब होती या माणसात! कुठेतरी पाणी मुरतंय.

२० एप्रिल, मंगळवार

पाह्यलं! माझ्या डोळ्यांनी पाह्यलं.

सकाळी साडेसहाला मी खाली आली, तर डॉक्टर शिशिर तीन नंबरच्या ओटीतून बाहेर येऊन राहिले. कुलूप लावलं, किल्ली खिशात. मी दिसली तर दचकलेच. म्हणाले, एसी पाहायला गेलो होतो. सर्जन एसी पाहतो काहून? आणि एसी तर सगळ्या ओटीतला आम्ही बंदच ठेवला आहे, हवेतून पसरू नये म्हणून.

ते गेल्यावर मेंटेनन्सवाल्याकडून दुसरी किल्ली आणली. आत गेली. टेबल नुकतंच पुसलेलं. बेसिनमध्ये सुई धरायचा चिमटा, ओला. डब्यात दोऱ्याचे कापलेले तुकडे, मूठभर, आणि दोन जोड हातमोजे. रक्ताचा कापूस मात्र नाही. एकही बोळा नाही! म्हणजे तेवढा बरोबर घेऊन गेला. हुशार आहे.

मले सगळं समजलं. बड्या घरचे लोक. शंकर नगरचे, गाडीतून मागच्या दारानं येणारे. ना स्वॅब, ना रिपोर्ट, ना यादी. त्यांचं सकाळी सहाला होऊन जातं, आणि माझ्या बहिणीनं गोळ्या खात बसायचं!

२२ एप्रिल, गुरुवार

अपेंडिक्स होतं. डॉक्टर शिशिरनी टाके स्वतः घातले नाहीत. ज्युनिअरले म्हणाले, तू घाल, आणि हाताची घडी घालून उभे राहिले. चहाचा कपही हातात घेत नाहीत, कोणीतरी समोर टेबलावर ठेवावा लागतो. साहेब मोठे झाले!

२४ एप्रिल

तीन पाकिटं कमी.

२८ एप्रिल, बुधवार

मंजिरी सोनोग्राफीले आली होती. गेटजवळ भेटलो, मधे सहा फूट, दोघींच्या तोंडावर मास्क. वाळली आहे. मी म्हटलं, शिशिरचा नाद सोड. मी सुपरिंटेंडेंट मॅडमले सांगून दुसऱ्या सर्जनकडून आठ दिवसांत करवून देते.

"नाही ताई. ते करतील तेव्हाच करायचं."

काहून? तर त्यानं तिच्या डोक्यात भरवून ठेवलं आहे, फक्त गाठ काढू, स्तन तसाच ठेवू. दुसरे डॉक्टर सगळंच काढतात, इथे हे एकटेच असं करतात म्हणे. मले इतका राग आला! म्हटलं, काढून टाक ना बाई एकदाचं. चाळीशीले आली. जीव वाचला की झालं, त्याचं काय लोणचं घालायचं आहे?

मंजिरीनं सोनोग्राफीचा रिपोर्ट पिशवीत घातला. मग म्हणाली, "तुले नाही समजायचं," आणि ऑटोत बसून गेली.

मी फटकन बोलली. पण खोटं काय बोलली? आईच्या मागे मीच वाढवलं तिले. ती गेली तर मी कोणाचं तोंड पाहू?

३ मे, सोमवार

मंजिरीचं सहा तारखेचं ऑपरेशन पुन्हा पुढे! सत्तावीस मे. तिसऱ्यांदा. कारण विचारलं तर यादीत लिहिलं आहे — 'सर्जनशी चर्चा करून'. कोणाची चर्चा? कोणी केली? मले कोणी विचारलं?

आता बस झालं. अर्ज लिहिला. इथलं कामकाज हिंदीत, म्हणून हिंदीतच, दोन पानं. तारीख, वेळ, कोणत्या दिवशी किती पाकिटं कमी, किल्ली कोणाजवळ. बंद ओटीत गुपचूप ऑपरेशनं चालू आहेत असा मले संशय आहे, हे स्पष्ट लिहिलं. सुनीती मॅडमच्या हातात दिला. त्या आमच्या सुपरिंटेंडेंट. वाचून चष्मा काढला. म्हणाल्या, नाव बाहेर येणार नाही.

५ मे, बुधवार

कबूल झाला!

मॅडमनी बोलावून विचारलं. म्हणाला, हो, दोरे मीच घेतले, किल्लीही माझ्याजवळच होती. कोणाचं ऑपरेशन केलं? कोणाचंच नाही म्हणे. मग दोरे कशाले लागतात? त्यावर तोंडाले कुलूप. मॅडमनी दोनदा विचारलं, तरी नाही. खरा असता तर बोलला असता ना?

ओटी बंद त्याले. आजपासून कोरोना वॉर्डात ड्यूटी. तीन नंबरची किल्ली आता माझ्याजवळ. कॉरिडॉरमध्ये समोर आला तर मले नमस्कार केला, नेहमीसारखा. त्याले माहीत नाही. मी मान फिरवली.

८ मे

मंजिरीचा फोन. खूप रडली. डॉक्टरांवर कोणीतरी तक्रार केली म्हणे. मी म्हटलं, असेल काही. दोरे पूर्ण आहेत आता, रोज.

११ मे, मंगळवार

भिलाईहून दुसरे सर्जन येऊन राहिले, आठवड्यातून दोन दिवस. मंजिरीची फाइल त्यांच्यापुढे ठेवली. पाच मिनिटांत पाहून म्हणाले, "पूरा निकालेंगे। और कुछ मैं करता नहीं।" तारीख अठरा. आठ दिवसांत! करायचं म्हटलं तर होतं की नाही?

मंजिरीले फोन केला. तारीख परत एकदा विचारून घेतली. मग म्हणाली, बरं. विचारलं, डॉक्टर शिशिर परत येणार नाहीत का? म्हटलं, नाही.

१८ मे, मंगळवार

झालं. देवा, झालं एकदाचं!

मी स्वतः उभी राहिली. मॅडम नको म्हणत होत्या, आपल्या माणसाच्या ऑपरेशनले उभं राहू नये. पण माणसं आहेत कुठे? कोरोनाच्या नियमानं भूल देताना आम्ही सगळे दहा मिनिटं बाहेर, आत फक्त भुलीचे डॉक्टर. मग चौघं आत. पीपीई किटमध्ये घामानं अंघोळ झाली, चष्म्यावर वाफ. दोन तास दहा मिनिटं. बोळे मोजले, सुया मोजल्या, तीनदा. सगळं बरोबर. गाठ छोटीच होती, वाढलेली नव्हती. पण ते डॉक्टर बोलल्याप्रमाणे सगळंच काढलं.

सकाळी सही करताना मंजिरीनं पाच मिनिटं मागितली होती. बाथरूमचं दार लावून आत उभी होती. मी बाहेर घड्याळ पाहत.

असो. बहीण जिवंत आहे माझी. जेवण गेलं आज, किती दिवसांनी.

२० मे, गुरुवार

मंजिरी आज उठून बसली. पट्टीकडे पाहत नाही. स्वतःहूनच सांगू लागली. मार्चमध्ये डॉक्टर शिशिरले आयसीयूत बारा दिवस पालथं झोपवलं होतं, त्यात उजव्या हाताची नस दबली. बोटं सुन्न. त्यांनी तिले तेव्हाच सांगितलं होतं — दुसऱ्याकडून करा, नाहीतर हात चालेपर्यंत थांबा. ती थांबली. तारखा तिनंच पुढे नेल्या. ते रोज सकाळी फोमच्या तुकड्यावर टाके घालून हात तयार करून राहिले होते. एप्रिलच्या शेवटी फोटो पाठवला तिले, टाके सरळ येऊन राहिले म्हणून.

"तुले सांगू नका, हे मीच म्हटलं त्यांना," म्हणाली. "तू काढून टाक म्हटलं असतं."

मग म्हणाली, "ताई, त्यांची तक्रार कोणी केली असेल गं?"

मी ग्लासात पाणी ओतलं, तिच्या हातात दिलं. म्हटलं, कोण जाणे.