आईसाठी तीन खण

आप्पा,

आई आता माझ्याकडे उलव्याला असते. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, त्यामुळे उलवे म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर खाडी आणि भातशेतीच येईल. आता इथे चौदा-चौदा मजल्यांच्या इमारती आहेत आणि आमच्या डोक्यावरून विमानं जातात. पहिले आठ दिवस आई प्रत्येक विमानाला खिडकीत जाऊन बघायची. आता कुकरच्या शिट्ट्या मोजताना मध्येच विमान आलं तर ती फक्त चिडते.

नेरूळच्या घरात ती बाथरूममध्ये पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि भाऊ बंगळूरला. "प्लास्टर निघेपर्यंत येते," असं म्हणून ती एका निळ्या बॅगेत चार साड्या आणि औषधं घेऊन आली. प्लास्टर निघालं. आता एकटीने राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून ती राहिली, पण बॅग काही तिने रिकामी केली नाही. साडी काढायची, धुऊन वाळली की घडी करून परत बॅगेत ठेवायची आणि चेन लावायची. असं चार महिने चाललं. मी माझ्या कपाटाची एक बाजू मोकळी करून दिली. "तुझं कपाट हाय ते, राहू दे," म्हणाली. माझा नवरा म्हणाला, "आई, हे तुमचंच घर आहे." त्यावर ती हसली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. जावयासमोर ती अजून पदर घेते. मग एका दुपारी मी तिला फोनवर नेरूळच्या शेजारणीशी बोलताना ऐकलं. "महिनाअखेरीला येते मी. तेवढा घराचा केर काढून घे बाई कुणाकडून तरी." मी काही ऐकलं नाही असं दाखवलं. पण त्याच दिवशी ठरवलं की हिला तिचं स्वतःचं कपाट करून द्यायचं. गुडघ्याला त्रास नको म्हणून कमरेइतक्या उंचीचं, तीन खणांचं.

विकत आणायचं नाही, करून द्यायचं. तुम्हाला हे ठाऊक नाही, पण गेली पाच-सहा वर्षं मी घरी लाकूडकाम करते. बेलापूरच्या ऑफिसात दिवसभर विम्याच्या फायली बघायच्या आणि रविवारी ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी फळी लावून उभं राहायचं. मोबाइलवर व्हिडिओ बघत शिकले. पहिलं स्टूल डुगडुगत होतं, त्याच्यावर अजून कुणी बसत नाही. मग पुस्तकांची मांडणी केली, चपलांचं कपाट केलं. जासईच्या रस्त्याला कंटेनर यार्डांमधून निघालेल्या खोक्यांचं लाकूड मिळतं. परदेशातून यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्याचं पाइन. मऊ असतं, गाठी फार, पण रंधा मारला की आतून स्वच्छ पिवळं निघतं. आवाजाबद्दल खालच्या मजल्याची तक्रार गेली तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला रविवारी अकरा ते एक एवढी वेळ ठरवून दिली. "मॅडम, टेन्शन नका घेऊ, पण एक म्हणजे एक," म्हणाले. माझं सगळं सुतारकाम त्या दोन तासांत बसवलेलं आहे.

तुमच्यासमोर हे करायची माझी हिंमत झाली नसती. कारण तो रविवार मी विसरलेले नाही.

मी तेरा वर्षांची आहे. तुम्ही कारखान्यातून एक लाकडी साचा घरी घेऊन आला आहात, शेवटचा हात मारायला. जे लोखंडात ओतायचं ते आधी लाकडात घडवायचं, एवढंच मला तुमच्या कामाबद्दल माहीत आहे. दुपारी जेवून तुम्ही दाढी करायला न्हाव्याकडे जाता आणि मी तुमच्या पिशवीतला गुण्या काढून त्या साच्याला लावून बघते. कडा काटकोनात नाहीत. चारही बाजू वरच्या अंगाला किंचित आत कललेल्या आहेत. मला वाटतं, एवढं राहून गेलेलं दिसतंय. मी पॉलिशपेपर घेते आणि घासत बसते. दोन तास घासते. गुण्या लावते, परत घासते, आणि चारही बाजू सरळ करते. तुम्ही येता तेव्हा मी दारातच उभी आहे, कौतुक करून घ्यायला.

तुम्ही साचा हातात घेतलात, उलटा केलात, खिडकीपाशी नेलात. ओरडला नाहीत. "कुणी हात लावला ह्याला?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, मी. तुम्ही म्हणालात, "जे कळत नाही त्याला हात लावायचा नाही. आणि माझ्या हत्यारांना तर कधीच लावायचा नाही." मग जुन्या पेपरात साचा गुंडाळलात आणि रविवार असून कारखान्यात गेलात. सोमवारी तुमची पिशवी माळ्यावर गेली. माझं काय चुकलं ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. कॉमर्सला गेले, नोकरीला लागले, लग्न झालं. तुम्ही गेल्यानंतर भावाला काही नको होतं, तेव्हा पिशवी माझ्याकडे आली. तिच्यातला रंधा, गुण्या, पटाशी आणि दोन फुटी स्टीलची पट्टी. पहिल्यांदा ती पट्टी वापरली तेव्हा मी खरोखरच मागे वळून बघितलं होतं.

आईच्या कपाटाला चार रविवार लागले. सांगाडा उभा राहिला तेव्हा मीच खूश झाले. एवढं मोठं काम पहिल्यांदाच करत होते, म्हणून सांगाडा टेपने मोजला; दोन फुटी पट्टी तिथे पुरली नसती. खणांना मात्र बारीक माप हवं म्हणून तुमची पट्टी घेतली. तिच्यावरच्या रेघा किती सुबक आहेत, टेपला तिची सर नाही. तीनही खण जोडले, रात्रभर गोंद वाळू दिला आणि महिनाअखेरीच्या आदल्या रविवारी पहिला खण लावायला घेतला. तो आत जाईना. दुसरा जाईना. तिसराही नाही. चार-पाच मिलिमीटर, तुमच्या भाषेत दीड सूत, तिन्ही खण सारखेच मोठे. मी पुन्हा तुमच्या पट्टीने मोजलं, माप कागदावर होतं तेच आलं. सांगाडा टेपने मोजला, तोही बरोबर. दोन्ही बरोबर आणि खण आत जात नाही. एक वाजायला दहा मिनिटं होती. मी बाल्कनीच्या फरशीवर बसले आणि रडायला लागले. कपाटासाठी नाही. पुढच्या शनिवारी आई जाणार होती, आणि तिला ठेवून घ्यायचा दुसरा उपाय मला सुचत नव्हता.

आई भिंतीला धरत दारापर्यंत आली. इतक्या रविवारांत ती एकदाही तिथे आली नव्हती.

"काय झालं गं?"

"काही नाही. बसत नाही खण. कळतच नाही मला काय चुकलं ते."

"मोजलंस कशानं?"

मी पट्टी दाखवली. तिने ती डाव्या हातात घेतली, डोळ्यांपासून लांब धरली आणि मागची बाजू बघितली. तिथे काही बारीक अक्षरं खोदलेली आहेत, ती मला कधी लागली नव्हती.

"ही त्यांची कारखान्यातली पट्टी की गं. हिनं घरातलं काय मोजायचं नसतंय."

"का? पट्टी ती पट्टी."

"न्हाई. ही साच्याची पट्टी. लोखंड ओतलं की थंड होताना आकसतंय. म्हणून साचा थोडा मोठा करायचा. दर मापाला आकडेमोड कोण करत बसणार, म्हणून पट्टीच मोठी केलेली असते. हिच्यावरचा फूट आपल्या फुटापेक्षा मोठा हाय."

मी टेप काढून पट्टीशेजारी धरला. सुरुवातीला रेघा जुळत होत्या आणि पुढे पुढे सरकत गेल्या. माझं स्टूल, माझी मांडणी, सगळं त्याच एका पट्टीने मोजलेलं होतं, म्हणून इतकी वर्षं काही कळलं नाही.

"तुला कसं माहीत हे?"

"मला न्हाई तर कुणाला माहीत असणार?" ती तिथेच मशीनला टेकून उभी राहिली. "फर्स्ट शिफ्टवरनं आले की चहा घेऊन बसायचे ना माझ्यापाशी सैपाकघरात. रोज काय केलं ते सांगायचे. कोल्हापुरात शिकले तेव्हापासनंचं सगळं. मी भाकऱ्या थापत ऐकायची. दुसरं कोण होतं त्यांना सांगायला?"

तुम्ही दोघं सैपाकघराच्या दारात बसून हळू आवाजात बोलायचात ते मला आठवतं. आम्ही बाहेर अभ्यास करायचो. मला वाटायचं घरातलं काही चाललंय, आमच्या शाळेचं किंवा गावच्या माणसांचं. लोखंड कसं आकसतं हे बोलत असाल असं कधी मनात आलं नाही. मग मी तिला तो रविवार विचारला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"बाजू कललेल्याच ठेवायच्या असतात," आई म्हणाली. "साचा उलटा वाळूत दाबायचा आणि वर काढायचा. सरळ बाजू असल्या की काढताना वाळू ढासळते. तू घासून सरळ केलंस, तो वाया गेला. नवीन करावा लागला त्यांना."

"मग हे मला सांगायला काय झालं होतं?"

आईने पट्टी मशीनवर ठेवली. "त्या दिवशी संध्याकाळी जेवताना मला म्हणाले, चारी बाजू गुण्यात आणल्यात पोरीनं. नुसत्या पॉलिशपेपरनं. हात हाय तिला. म्हणूनच म्हणाले, तिला परत हत्याराला हात लावू द्यायचा न्हाई. आवड लागली तर कुठं जाणार ती? कारखान्यात शॉपमधी एक बाई न्हाई, सगळा भुस्सा नाकातोंडात. शिकू दे तिला."

मला वाटलं होतं असं काही ऐकलं की बरं वाटेल. मला राग आला. तुमचा आला आणि तिचाही आला. मी म्हटलं, "आणि तूही मला कधी सांगितलं नाहीस." ती शांतपणे म्हणाली, "तू विचारलं न्हाईस." तेवढ्यात एक वाजला. मी हत्यारं आवरली आणि जेवायला बसले. आईने माझ्या पानात दोनदा भात वाढला.

राग दोन-तीन दिवस होता. मी तुमच्या बाजूने विचार करून बघितला. पाइनचा भुसा नाकात गेला की मला तासभर शिंका येतात, तुम्ही तीस वर्षं सागाचा आणि शिसवीचा भुसा छातीत घेतलात. तरी मला वाटतं, निदान वाळूचं सांगायला हवं होतंत. कारण सांगितलं असतंत तर मी ऐकलं असतं. हे मी भांडायला लिहीत नाही. तुम्हाला माझं हे एक वाक्य ऐकून घ्यावं लागेल, एवढंच.

त्या शनिवारी आई गेली नाही. ती म्हणाली, "ते खण होईस्तवर थांबते." दुसऱ्या दिवशी रविवार; त्या आणि पुढच्या रविवारी मिळून आम्ही दोघींनी खण सुटे केले, टेपने मापं घेतली आणि प्रत्येकाची पुढची-मागची बाजू कापून पुन्हा जोडली. ती खुर्ची घेऊन बाल्कनीच्या दारात बसायची आणि टेपचं दुसरं टोक बऱ्या हाताने धरायची. मी करवत चालवताना म्हणायची, "घाई करतीस. त्यांची करवत अशी वाजायची न्हाई." एकदा चिडून मी म्हटलं, "मग तू काप." तर खरंच उठायला लागली. सेक्रेटरी घड्याळ दाखवायला वर आले. तिने त्यांनाच विचारलं, "तुमच्या घरी किती खणांचं कपाट हाय?" ते बिचारे उत्तर देऊन खाली गेले आणि त्या दिवशी आम्हाला सव्वा वाजेपर्यंत कुणी काही बोललं नाही.

कपाट तिच्या पलंगाशेजारी ठेवलं. मंगळवारी ऑफिसातून आले तर आई माझ्या नवऱ्याला सांगत होती, "जावईबापू, ही बॅग तेवढी माळ्यावर टाका. पायात येते." तो बॅग घेऊन स्टुलावर चढला, तेव्हा ती रिकामी आहे हे तिच्या लोंबण्यावरून कळत होतं. नंतर शेजारणीचा फोन आला. मी ओट्यापाशी होते. "न्हाई गं, आता कुठं येऊ," आई म्हणाली. "माझं कपाट हाय ना इथं."

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे. आईलाही वाचून दाखवणार नाही, आणि त्याला कारण आहे. तिच्या कपाटाचा वरचा खण ओढताना अडतो. लाकडावर लाकूड घासून मोठा आवाज होतो. त्यात तिच्या घरातल्या साड्या असतात, त्यामुळे रोज सकाळी सहाला तो उघडतो. "तुझ्या आप्पांनी असं काम घराबाहेर जाऊ दिलं नसतं," असं ती मला ऐकवते. दोनदा रंधा मारला की सुटेल, मला माहीत आहे कुठे घासतंय ते. दर वेळी मी सांगते, ह्या रविवारी करते. असे सहा रविवार गेले. मी चहा टाकून ओट्यापाशी उभी असते आणि तो आवाज येईपर्यंत गॅस मोठा करत नाही. खण दुरुस्त करायचा माझा विचार नाही, आप्पा.