लाल बाण

दि. ४ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? काकूंच्या धाकाने तरी मलम लावता ना? इकडे माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय.

बारा वर्षांनी शहराने खाजगी कंपनीकडून पाणीपुरवठा परत घेतला आणि दुसऱ्याच महिन्यात मी घोळ घातला. टाकीखालची गळती काढायला मोठा व्हॉल्व्ह बंद करायचा होता. उजवीकडे फिरवला, हलेना. मीच म्हटलं, लावा जोर. दोघं लोंबकळले आणि दांडा कडकन तुटला! शेवटी टाकीच बंद करावी लागली. इस्पितळासकट अर्धं शहर चार दिवस कोरडं. कंपनीवाले सांगत सुटलेत की यांना झेपत नाही, पाणी पुन्हा आम्हाला द्या.

सोमवारी चौकशी आहे. नोकरी पक्की व्हायच्या आधीच जाणार बहुतेक. आमच्याकडचा नळांचा नकाशा तुम्ही पाणीखात्यात असताना काढलेला, म्हणून विचारते. त्या व्हॉल्व्हचं काही आठवतं का?

तुमच्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
तुमची ठमी

दि. ७ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

चूक तुझी नाही गं, माझी आहे. तो व्हॉल्व्ह डावीकडे बंद होतो.

कंपनी आली तेव्हा व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या आम्हा अठरा चावीवाल्यांना घरी बसवलं आणि जाता जाता नकाशा तेवढा काढून द्या म्हणाले. साधा चहा विचारला नाही. नकाशात उलट्या व्हॉल्व्हपुढे आम्ही लाल बाण काढायचो. मी एकही काढला नाही. म्हटलं, आपटू देत डोकी. पण लेकांनी बारा वर्षं दुरुस्तीच केली नाही!

मग नोकरी लागल्यावर तू तोच नकाशा घेऊन आलीस आणि बरोबर आहे ना, असं विचारलंस. मी चष्मा लावला, पाहिलं आणि अक्षर माझंच आहे एवढंच म्हणालो. तू इतक्या कौतुकाने बघत होतीस की माझी जीभच रेटेना. लाज वाटते.

हे पत्र चौकशीत वाच. माझी भीड धरू नकोस.

तुझा अपराधी,
काका

दि. ११ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचा इतका राग आला की पत्र चुरगळून टाकलं होतं. मग तेच सरळ करून चौकशीत वाचलं. कंपनीचा माणूस हसला. अध्यक्षबाईंनी एकच विचारलं, असे व्हॉल्व्ह आणखी किती? मी म्हटलं, काकांना विचारून सांगते.

आठ दिवसांची मुदत दिली आहे. तोवर सगळे सापडले नाहीत तर मी घरी आणि पाणी कंपनीकडे. किती आहेत, काका? रागावले आहे, पण या.

वाट पाहणारी,
ठमी

दि. १३ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र आजच्याच बसच्या ड्रायव्हरकडे देतो आणि मी उद्याच्या पहिल्या गाडीने निघतो. लाल रंगाचा डबा आणून ठेव. गुडघ्याचं काय ते मागाहून बघू.

तुटलेला सोडून आठ आहेत. सात तोंडपाठ आहेत, डोळे मिटून दाखवीन. आठवा काही केल्या आठवत नाही. कालपासून कागदावर गल्ल्या काढतोय आणि खोडतोय. काकूला बोललो नाही. तुला मात्र आधीच सांगून ठेवतो. एकदा गप्प बसलो, तेवढं पुरे झालं.

राग असू दे, पण स्टेशनवर ये.

तुझा,
काका