गोळी चुकवत नाही, उपासाला घेत नाही

इंदिरानगर, नाशिक
कार्तिक वद्य चतुर्थी, २००३

ती. सुलावन्संना साष्टांग नमस्कार.

तुम्ही पेठहून पाठवलेली भगर दोन किलो आणि नागलीचे पापड शंभर (मोजले, सत्त्याण्णव भरले, तीन एस.टी.ने खाल्ले असतील) पोचले. हमालीचे दहा रुपये गेले. गजाननाच्या कृपेने तुमचा गुडघा आता वळत असेलच.

पत्राला उशीर झाला तो तुमच्या भाचेसुनेच्या संशोधनापायी. पल्लवी एम.बी.बी.एस. होऊन आता फॅमिली मेडिसिन शिकते, म्हणजे घरातल्या सगळ्यांची, सगळ्या अवयवांची डॉक्टर. त्यात प्रबंध लिहिल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. मुदत महिनाअखेरची, आणि ही म्हणते, मला पेशंट तपासायचेत, संशोधन मोठ्या लोकांनी करावे. मी म्हटले, मॅट्रिकला मला गणितात बहात्तर होते, आपण करू. (रोज तांदूळ निवडतो ते तरी दुसरे काय असते?)

विषय होता, ब्लडप्रेशरच्या बायका गोळी चुकवतात का. आमच्या भजनी मंडळातल्या चाळीसजणींचे फॉर्म मी दोन मंगळवारांत भरून घेतले. झाडून सगळ्यांचे उत्तर "नाही". पल्लवी रडकुंडीला आली. सगळ्या इतक्या शहाण्या, तर यांचे प्रेशर चढलेले कसे? म्हणाली, सोडूनच देते. तेवढ्यात एकादशीचा प्रसाद घेऊन मंडळातल्या कुसाबाई आल्या. मी सहज विचारले, आज गोळी घेतलीत का. मी त्यांच्या ताटात कांदा वाढल्यासारख्या त्या बघायला लागल्या. म्हणाल्या, "अहो, मी गोळी चुकवत नाही. उपासाला घेत नाही."

पल्लवी ताडकन उठली. तोच फॉर्म घेऊन आम्ही पुन्हा दारोदार फिरलो, प्रश्न तेवढा बदलला. चाळीसातल्या एकतीसजणी उपासाला गोळी न घेणाऱ्या निघाल्या. तिच्या सरांनी पाठ थोपटली, हे कुठल्या पुस्तकात नाही म्हणाले. आता तीच जेवताजेवता नवे प्रश्न काढते, आमटी निवते.

तुमची वहिनी,
सिंधु

ता. क. पहिल्या नंबरच्या फॉर्मवरचे अक्षर पल्लवीने ओळखले. तो माझा. (सोमवार, गुरुवार, दोन चतुर्थ्या, दोन एकादश्या धरून महिन्याला बारा गोळ्या वाचत. तीसची पट्टी पन्नास दिवस पुरायची.)

ता. क. दुसरा. तुमच्या गुरुजींना विचारा, पाण्याबरोबर गोळी घेतली तर उपास मोडतो का. माझे नाव सांगू नका. आज संकष्टी, आणि ही वाटीत गोळी ठेवून समोर बसली आहे. म्हणते, "आई, एकतीसचे तीस करू का?" तुमचे उत्तर यायला तीन दिवस लागणार, म्हणून घेतली. मोडत असेल तर प्रायश्चित्तासकट उलट टपाली कळवा.