हिच्या शेअर्सना आधार

३ मार्च
आजपासून भावना बंद. शेअर बाजारात भावनेच्या भरात घेतलेला निर्णय अंगाशी येतो, असं व्हिडिओत सांगितलं. पटलं. हिला जाऊन सहा महिने झाले. हिचे पंपाच्या कंपनीचे शेअर्स हिच्याच नावावर आहेत. त्यांचं लेक बघते. ते विकायचे नाहीत. ही भावना नव्हे, शिस्त.

५ मार्च, दुपार
पंप पडला. हिच्या शेअर्सची किंमत उतरताना बघवेना. माझ्या खात्यात आणखी थोडे घेतले. मागणी वाढली की भाव सावरतो. साधं गणित.

९ मार्च
पुन्हा पडला, पुन्हा घेतले. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा अकाउंटंट म्हणाला, भिंत कोसळायला लागली की माणूस बाजूला होतो, तुम्ही खांदा कसला लावताय? मी हसलो नाही. त्याची बायको धडधाकट आहे. रागाने आणखी घेतले. राग हीसुद्धा भावनाच, हे नंतर सुचलं. उद्यापासून तोही बंद.

१६ मार्च
लेकीच्या क्लिनिकसाठी ठेवलेली एफडी मोडली. लेक दातांची डॉक्टर, दुसऱ्याच्या दवाखान्यात राबते. आता तिने स्वतःसाठी जागा पाहिली आहे. पैसे एप्रिलात द्यायचेत. तोवर पंप वर येतोच. बँकेतल्या बाईंनी नक्की ना, म्हणून दोनदा विचारलं. माझा आवाज स्थिर होता.

१७ मार्च
सकाळी भाव किंचित वर. माझ्यामुळेच. दुपारी खाली. कोणीतरी मुद्दाम पाडतंय.

२४ मार्च
कंपनी तोट्यात. भाव गडगडला. चेअरमन टीव्हीवर हसत होता. या माणसावर मी घरच्यासारखा विश्वास टाकला.

२ एप्रिल
लेकीने पैसे मागितले. सांगून टाकलं. आईचे शेअर्स सावरत होतो, हेही सांगितलं. ती खुर्चीत बसली.

"बाबा, आईनं ते दवाखान्यात असतानाच मला विकायला लावले. म्हणाली, यांना सांगू नकोस, उगाच जीव लावून बसतील."

दवाखान्याचं बिल त्यातूनच भागलं म्हणे. मी विम्याचे आभार मानत होतो. दोघींनी मिळून मला अंधारात ठेवलं.

लेकीने जागेच्या मालकाला फोन करून नको म्हणून कळवलं. मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

नेमके कधी विकले, एवढंच विचारलं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात, म्हणाली. त्याच आठवड्यात हिच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मी पंपाचे पहिले शेअर्स घेतले होते. ही बरी झाली की सांगणार होतो.

हिला भाव चांगला मिळाला, असं लेक म्हणाली.