टीमची हाफ-डे

१४ नोव्हेंबर १९९३, रविवार
पुन्हा हरलो. ०-४. 'हरलो' लिहितेय, जणू मीच खेळले. पण लखनौजवळ चिनहटला राहायला आल्यापासून, सात वर्षं, पंप कारखान्याची हॉकी टीम माझीच आहे. मैदान गच्चीवरून दिसतं. मिरजेला शाळेत लेफ्ट-आउट खेळायचे, ती खाज.
मोठे शेठ गेले. मुलगा विवेकबाबू मालक झाला आणि आल्या आल्या कोच वर्मासाहेबांना काढलं. गोलकीपरच्या पॅडमधून आज कापूस बाहेर आलेला. मी ओरडत होते. हे म्हणाले, "बास आता, घसा बसेल." बसलाच.

१७ नोव्हें., बुध.
सब्जी आणायला गेले तर कॅप्टन इक्बालभाई भेटले. कारखान्यात लेथवर असतात. खेळाडूंना सरावासाठी हाफ-डे मिळायची, ती बंद. सरावानंतरचं दूधही बंद. मी दुधावरूनच भडकले. ते म्हणाले, "दूध तो घर पर भी पी लेंगे, भाभी. वक़्त कहाँ से लाएँ?"
पोळ्या करपल्या. लक्ष नव्हतं.

२१ नोव्हें., रवि.
बहिष्कार. शेजारच्या मिश्राजींची कल्पना. मॅचला कुणी जायचं नाही, म्हणजे मालकाला कळेल. दार लावून बसले. शिट्टी ऐकू येत होती. दुसऱ्या हाफला गेलेच. मिश्राजी आधीच तिथे, मफलर नाकापर्यंत. 
मालक आलाच नव्हता. म्हणजे शिक्षा कुणाला, तर खेळणाऱ्यांना.

२५ नोव्हें., गुरु.
हे, मी, मिश्राजी, तिघं मालकाच्या केबिनमध्ये. तिशीचा असेल, शांत. चहा मागवला. पाठ केलेलं हिंदी ऐन वेळी विसरले, निम्मं मराठीत बोलले. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मैडम, पंप बिक नहीं रहे. दूसरी पाली बंद करूँ या हॉकी?"
दुसरी पाळी म्हणजे निम्मे कामगार. एवढा राग घेऊन गेलेली, तो ठेवायचा कुठे?
डिसेंबरच्या टूर्नामेंटनंतर टीम बंद, म्हणाला.
 उठताना यांनी विचारलं, "आपने इनको कभी खेलते देखा है?"
"बचपन में. पिताजी के साथ."
"तो बारह तारीख़ को आइए."
यांच्यावर इतकी खूश कित्येक दिवसांत झाले नव्हते. 

२ डिसें., गुरु.
वर्मासाहेब आपणहून येतात, रोज साडेसहाला, पाळी सुरू व्हायच्या आधी. दाट धुकं. चेंडू दिसत नाही. "आवाज़ पर जाओ," म्हणतात.
पॅडसाठी आमचा लग्नातला होल्डॉल कापायला घेतला, त्याचं कॅनव्हास अजून दणकट. हे बघत उभे. मग गुपचूप जाऊन कात्रीला धार लावून आणली. मुग्धा म्हणते, "आई, आप लोग ना, हद करते हो." सुई मात्र तिनेच ओवून दिली.

१२ डिसें., रवि.
आला. विवेकबाबू खरंच स्टेडियमवर आला. खुर्ची दिली तर बसला नाही, दोरीपाशी आमच्यात उभा. समोर गेल्या वर्षीचे विजेते, पहिल्या हाफलाच ०-१. पेनल्टी कॉर्नर मिळाला तर मला विचारतो, "ये किस बात का मिला?" समजावलं, सर्कलमध्ये त्यांच्या पायाला चेंडू लागला. दुसऱ्या वेळी विचारलं नाही, स्वतःच म्हणाला, "पैर लगा."
शेवटची चार मिनिटं. इक्बालभाई. १-१.
टाळ्या वाजवल्या त्याने, मग हात खिशात घातले.
बरोबरी, म्हणून मॅच पुन्हा. बुधवारी दोन वाजता. सगळे तेव्हा पाळीवर.

१४ डिसें., मंगळ.
इक्बालभाईंनी टीमसाठी हाफ-डे मागितली. मालकाचं उत्तर : "सोचता हूँ." त्यात आजच कारखान्याला मोठी ऑर्डर आली, कित्येक महिन्यांनी. एकेक हात हवा आहे. आनंद मानावा की…
दुसरी पाळी टिकेल, असं इक्बालभाई म्हणाले. आधी ते, मग हॉकी. खरंय.

१५ डिसें., बुध. सकाळ
नोटीस बोर्डावर अजून काही नाही. पण मघाशी विवेकबाबूंचा ड्रायव्हर मिश्राजींना विचारून गेला, मॅच नक्की किती वाजता, किती वेळ चालते. कशाला, ते त्याला माहीत नाही.
यांनी रजा टाकली आहे. रेल्वेत इतकी वर्षं झाली, हॉकीसाठी पहिल्यांदाच. मुग्धा कॉलेजची बॅग ठेवून दारात उभी. "मैं भी चलूँ?" चल म्हटलं.
एक वाजता कारखान्याच्या फाटकाशी थांबायचं. जे बाहेर येतील त्यांना घेऊन स्टेडियम. मिश्राजी म्हणत होते एक टेम्पो पुरेल. मी दोन सांगायला लावले.